खाणावळीचा जमाखर्च

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची शहानिशा करावी असे आता कुणाच्या मनातही येत नाही. वाद निघालाच तर एक जण किर्लोस्करवाडीचा दाखला देतो, दुसरा म्हणतो, 'ते अपवाद!' आणि तेवढ्यात चहा येऊन विषय बदलतो. या वादात एका धंद्याचे नाव मात्र कधीच निघत नाही. मुंबईच्या लालबाग, परळ, शिवडी, वरळी या पट्ट्यात दोन-तीन पिढ्यांच्या मराठी बायकांनी तो चालवला. त्याला पाटी नव्हती, पेढी नव्हती. तारण म्हणून असलेच तर गळ्यातले चार मणी. आणि तरीही त्याच्या आधारावाचून मुंबईच्या गिरण्यांची चाके फिरणे कठीण होते. तो धंदा म्हणजे गिरणगावातली खाणावळ.

गिरगाव-दादरच्या खाणावळींविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कारकून, मास्तर, विद्यार्थी आणि होतकरू लेखक तिथे जेवले. त्यांच्या हाती लेखणी होती, तेव्हा आमटीच्या पातळपणावर विनोद झाले आणि एखाद्या मावशीच्या वत्सलतेवर लेखही झाले. गिरणगावातल्या खाणावळीत जेवणाऱ्याच्या हाती लेखणी नव्हती. सांचा होता, धोटा होता. त्यामुळे त्या बाईचे चित्र फारसे कुणी काढले नाही, आणि तिने धंद्याचे म्हणून जे शहाणपण मिळवले ते कुठल्या पुस्तकात शिरले नाही. ते शहाणपण काय होते आणि त्याची किंमत तिने काय मोजली, एवढेच इथे पाहायचे आहे.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. कंपनी १८५४ साली स्थापन झाली आणि ताडदेवला १८५६ साली सूत निघू लागले. पुढल्या सत्तर वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली आणि त्यांत राबणारे हात सुमारे दीड लाख झाले. हे हात आले कुठून? सर्वांत जास्त रत्नागिरी जिल्ह्यातून. त्याखालोखाल सातारा, पुणे, कोल्हापूर या घाटावरच्या मुलखांतून. माणूस आला, पण त्याचे घर आले नाही. कोकणातली भाताची खाचरे, म्हातारे आईबाप, गुरे, आणि मुंबईतल्या खोलीचे भाडे या सगळ्यांचा हिशेब करून बायको गावीच राहिली. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे खाणावळ का जन्मली हे वेगळे सांगावे लागत नाही.

हे एकटे पुरुष गावकीच्या किंवा भाऊबंदांच्या खोलीत दाटीने राहत. एका खोलीत पंधरा-वीस वळकट्या. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. तिथे चूल पेटवायला जागा कुठली आणि पेटवायला वेळ तरी कुणाला? १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतला पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ च्या कायद्याने अकरांवर, १९३४ च्या कायद्याने दहांवर आणि १९४६ च्या दुरुस्तीने नऊवर. बारा तास यंत्रापुढे उभा राहून आलेला माणूस भाकरी थापायला बसत नाही. त्याच चाळीत कुणीतरी संसार थाटलेला असे. नवरा गिरणीत, घरात दोन पोरे, आणि एकाच्या पगारात भागत नाही अशी गोष्ट. मग गावचा एक दीर जेवायला येऊ लागे, त्याच्या पाठोपाठ त्याचा मित्र येई, मित्राचा मेहुणा येई. चूल तीच, पातेले मोठे. खाणावळ 'काढली' असे बहुधा होत नसे. ती निघत जाई.

आणि पुष्कळदा ती बाई विधवा असे, किंवा गिरणीतून कमी झालेली असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या मुख्यत्वे कांड्या भरण्याच्या आणि लडी गुंडाळण्याच्या खात्यांत होत्या. पुढे नवी यंत्रे आली, पाळ्या बदलल्या, बायकांना रात्री कामावर ठेवण्यास कायद्याची बंदी होतीच. बायका गिरणीतून हळूहळू बाहेर पडत गेल्या. बाहेर पडलेल्या बाईला येणारे एकच काम सगळ्या आळीला हवे होते. ते म्हणजे स्वयंपाक.

स्वयंपाक येणे आणि खाणावळ चालवणे या मात्र अगदी निराळ्या गोष्टी. पहिला धडा तिला भोंग्याने दिला. घरात जेवण दहा मिनिटे उशिरा झाले तर नवरा कुरकुरतो. खाणावळीत दहा मिनिटे उशीर झाला तर पंधरा माणसे गिरणीच्या दरवाजावर अडतात, आणि गेट बंद झाले की दिवसाचा पगार जातो. भाजीत मीठ कमी पडले तर माणूस ते विसरतो. बुडालेला पगार विसरत नाही. म्हणून चांगली खाणावळवाली पहाटे तीन-साडेतीनला उठे आणि पहिल्या पाळीच्या आधी भाकऱ्यांची चवड तयार ठेवी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या, तेव्हा तिची चूल विझण्याला वेळच उरला नाही. तिच्याकडे जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणत. मेंबर तिला पैसे देत होता ते अन्नाचे, अशी समजूत आहे. खरे म्हणजे तो पैसे देत होता ते वेळेवर मिळणाऱ्या अन्नाचे, आणि त्यात 'वेळेवर' हा शब्द अन्नाइतकाच महाग होता.

हीच गोष्ट मुंबईच्या डबेवाल्यांनी आपल्या परीने ओळखली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला तो व्यवसाय मावळ-खेड-जुन्नरच्या माणसांनी वाढवला. ते स्वयंपाक करीत नाहीत, दुसऱ्याचे अन्न नेतात. पण त्यांचाही माल वेळ हाच. त्यांचे कौतुक जगभर झाले, आणि ते योग्यच झाले. खाणावळवालीला मात्र शिजवायचेही होते आणि वेळही पाळायची होती. काही खाणावळींतून तर गिरणीच्या दारापर्यंत डबेही जात.

दुसरा धडा खाड्याचा. खाणावळीच्या बाहेर या शब्दाला फारसे वजन नाही, पण खाणावळीचे सारे अर्थशास्त्र त्यात सामावले आहे. मेंबर महिन्याचे पैसे ठरवतो. मग एखाद्या दिवशी तो जेवायला येत नाही. तो खाडा. त्या दिवसाचे पैसे कापायचे की नाही? मेंबर म्हणणार, जेवलो नाही तर पैसे कसले! त्याचे चुकते कुठे?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. वीस मेंबर, महिना पंधरा रुपये, म्हणजे माणशी रोज आठ आणे. त्यांतले सहा आणे तांदूळ, पीठ, डाळ, मासळी यांचे. एक आणा जळण आणि खोलीभाड्याचा. उरला एक आणा बाईचा. महिन्याची सहाशे ताटे धरली तर तिची मिळकत सहाशे आणे, म्हणजे साडेसदतीस रुपये. आता प्रत्येक मेंबरने महिन्यात तीनच खाडे केले आणि तिने ते सरसकट कापून दिले, तर साठ ताटांचे तीस रुपये गेले. भात तर शिजलेला होता, जळण जळलेले होते. हाती उरले साडेसात रुपये! मेंबरने तीनच दिवस बाहेर जेवायचे आणि बाईचे चोवीस दिवसांचे कष्ट पाण्यात, असा तो हिशेब आहे.

म्हणून नियम झाला की खाडा आदल्या रात्री सांगायचा. सांगितला तर धान्याचे सहा आणे वाचतात आणि साडेसदतीसांतले तीस रुपये तिच्या हाती राहतात. पुढे नियमाला पोटनियम आले. एकदोन वेळांचा खाडा धरायचा नाही. गावी जाऊन सलग चार-आठ दिवस नसेल तरच धरायचा. पाहुणा आणायचा तर आधी कळवायचे. हे नियम कुणा पंडिताने केले नाहीत. शिळा भात फेकताना जो जीव तुटतो त्यातून ते आले. आजही ज्याला स्वतःचा लहानसा सेवेचा धंदा काढायचा आहे, मग तो शिकवणीचा असो, धुलाईचा असो की मोटार चालवण्याचा, त्याने हा खाड्याचा धडा आधी गिरवावा. सेवा साठवून ठेवता येत नाही. दुकानदाराचे न खपलेले कापड उद्या खपते; न खाल्लेले ताट उद्या विकता येत नाही. गिऱ्हाईक वाटते तितके अन्यायी नसते; त्याला आपल्या न येण्याची किंमत ठाऊक नसते, एवढेच. ती त्याला भांडून नव्हे, नियमाने सांगावी लागते.

तिसरा धडा चवीचा. खाणावळीत रोज नवे काही करून कुणाची जीभ जिंकायची नसते. कोकणातल्या माणसाला भात आणि माशाचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कोरड्यास. दोघांना खूष करू पाहणारी बाई दोघांनाही गमावी. म्हणून खाणावळी मुलखाप्रमाणे वाटल्या गेल्या. माणूस तिथे केवळ पोट भरायला जात नसे, गावची चव आणि गावची खबर घ्यायला जाई. पत्र तिच्याच पत्त्यावर येई, गावाहून नवा आलेला पोरगा आधी तिच्याच पंगतीला बसे, आणि कुठल्या खात्यात बदली कामगार हवा आहे ही बातमी जेवता जेवता त्याच्या कानी पडे.

या वाटणीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. मुलखाबरोबर जातही पंगतीला बसे. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यातल्या सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, म्हणून विटाळाचे निमित्त पुढे केले जाई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाला तोंड फोडले. जी माणसे यंत्राच्या धोट्याला विटाळ मानीत होती ती पंगतीत निराळी कशी वागतील? एकाच गिरणीत घाम गाळणारे दोघे दोन निरनिराळ्या खाणावळींत जेवत. गिऱ्हाइकाची आवड सांभाळता सांभाळता धंदा त्याचे दोषही सांभाळू लागतो. खाणावळ याला अपवाद नव्हती.

आता सर्वांत मोठ्या धड्याकडे येऊ. तो उधारीचा. गिरणीत पगार महिन्याने होई, आणि तोही महिना संपल्यावर लगेच नाही. पुढल्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास. एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाच्या हाती पहिला पैसा चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पडे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनपुढे हा पगाराच्या दिरंगाईचा आणि त्यातून येणाऱ्या कर्जाचा प्रश्न होताच. १९३६ साली पगारवाटपाचा कायदा झाला. हजारांहून कमी कामगार असतील तिथे महिना संपल्यापासून सात दिवसांत, आणि त्याहून मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत पगार झालाच पाहिजे असे ठरले. म्हणजे कायदा झाल्यावरसुद्धा नव्या माणसाला चाळीस दिवस कळ काढावी लागणारच होती. या चाळीस दिवसांत तो जगत होता कशावर?

मघाच्याच खाणावळीत पुन्हा डोकावू. पगार बारा तारखेला होतो असे धरले, तर त्या दिवशी सकाळपर्यंत बाईने वीस माणसांना बेचाळीस दिवस जेवू घातलेले असते. तिच्या पदरचे सात आणे रोज माणशी गेले. एकूण तीनशे साडेसदुसष्ट रुपये तिचे अडकले. पगार झाला की महिन्याचे पैसे येतात, पण चालू महिन्याच्या बारा दिवसांचे एकशे पाच रुपये अडकलेलेच राहतात, आणि चक्र पुन्हा वर चढू लागते. महिन्याला साडेसदतीस रुपये मिळवणाऱ्या बाईचे सरासरी दोनशे छत्तीस रुपये सदैव लोकांच्या पोटात! हे पैसे तिने आणायचे कुठून? वाणी काही दिवस थांबे, पण त्याचा भाव रोखीच्या गिऱ्हाइकाहून चढा असे. उरलेल्यासाठी सावकार, नाहीतर पठाण. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर त्या काळी सर्रास होता, म्हणजे सालीना पंचाहत्तर टक्के. दोनशे छत्तीस रुपयांना महिन्याचे व्याज झाले पावणेपंधरा रुपये. साडेसदतीसांतले पावणेपंधरा सावकाराचे, उरलेल्यात तिचा संसार.

हा हिशेब नीट पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गिरणीमालक कामगाराचा पगार दीड महिना अडकवून ठेवत होता. तो पैसा त्याच्या धंद्यात बिनव्याजी फिरत होता. त्या काळात कामगाराला जिवंत ठेवण्याचा खर्च खाणावळवाली करीत होती, आणि त्याचे व्याजही तीच भरत होती. गिरणीच्या खेळत्या भांडवलाचा एक वाटा लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून येत होता. गिरण्यांच्या ताळेबंदांत कर्जरोखे आहेत, बँका आहेत, मॅनेजिंग एजंट आहेत. ही बाई कुठेही नाही.

मग उधारी द्यायचीच नाही असे तिला करता आले असते का? मुळीच नाही. रोख मागणाऱ्या खाणावळीत कोण जेवणार होते? उधारी हा तिच्या धंद्याचा दोष नव्हता, तोच तिचा धंदा होता. म्हणून तिचे सारे कौशल्य उधारी टाळण्यात नव्हे, माणूस पारखण्यात लागले. हा कुणाच्या ओळखीने आला? याचा गाव कुठला, भाऊबंद कोण? गावी पैसे धाडतो की नाही? कारण जो घरी मनिऑर्डर करतो तो खाणावळही बुडवत नाही. पगाराच्या दिवशी काही बायका सरळ गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहत. त्याच फाटकाशी पठाणही काठी घेऊन उभा असे. दोघांचे येणे वसुलीसाठीच. पण पठाणाला पाहून माणूस मागल्या दाराने सटके, आणि बाईला पाहून बहुधा पुढे येई. कारण उद्या सकाळी ताट तिच्याच हातून मिळायचे होते.

या उधारीची खरी परीक्षा संपात झाली. १९२४ साली बोनसासाठी संप झाला, १९२५ साली पगारकपातीविरुद्ध झाला, आणि १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने गिरण्यांचे भोंगे मुके राहिले. पुष्कळ कामगार बोटीने कोकणात गेले, काही पायवाटेने घाट चढले; जे मागे राहिले त्यांच्यापुढे ताट कुणी वाढले? संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे आहेत, मदत समित्या आहेत, वाटाघाटी आहेत. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकाराने गिरणगावाचा अभ्यास करताना वाणी, घरमालक आणि खाणावळी यांच्या उधारीवर संप कसे तग धरीत हे दाखवले. त्या आधी या गोष्टीची दखल फारशी कुणी घेतली नव्हती.

इथे तिला केवळ अन्नपूर्णा, माउली म्हणून हात जोडून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे केले तर तिच्या अकलेवर अन्याय होईल. तिने संपात जेवू घातले त्यात माया होती, नात्यागोत्याचा बांध होता, तिचा स्वतःचा नवराही संपावर होता; आणि त्याबरोबर एक रोखठोक हिशेबही होता. दोन महिन्यांची बाकी असलेल्या माणसाचे ताट बंद केले तर तो गावी निघून जाईल आणि बाकी कायमची बुडेल. ताट चालू ठेवले तर बाकी वाढेल, पण माणूस डोळ्यांसमोर राहील. थोडे देणे असलेला माणूस धनकोच्या मुठीत असतो. फार देणे झाले की धनकोच त्याच्या मुठीत जातो. हे मोठ्या बँकांना पुष्कळ नुकसान सोसून कळते. गिरणगावातल्या बाईला ते एका संपात कळले.

तिच्या हिशेबात एक मोठी चूक मात्र पिढ्यान् पिढ्या राहिली. धान्य, जळण, भाडे, व्याज, सारे तिने धरले. स्वतःची मजुरी कधी धरली नाही. पहाटे तीनला उठून रात्री अकराला भांडी पालथी घालणाऱ्या बाईने दिवसाचे अठरा तास फुकट मांडले, तिच्या मुलींनीही तेच केले, आणि मग महिन्याच्या शेवटी चार रुपये उरले की धंदा 'फायद्यात' आहे असे वाटले. मजुरी धरली असती तर पुष्कळशा खाणावळी तोट्यात निघाल्या असत्या. घरच्यांनी तिच्या कामाला काम म्हटले नाही, सरकारी मोजणीनेही ते क्वचितच मोजले. 'ती काय करते?' 'काही नाही, घरीच असते. चार माणसे जेवायला येतात.' वीस माणसांच्या पोटाचा कारभार या एका वाक्यात निकालात निघे. लहान धंद्याचा हा सनातन रोग आहे. मालकाने स्वतःला पगार लावला नाही की धंदा आपल्या कष्टांवर चालला आहे की आपल्या कष्टांना खाऊन चालला आहे, हे त्याला कधीच कळत नाही.

ही गाठ सोडवण्याचा संघटित प्रयत्न व्हायला १९७५ साल उजाडावे लागले. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी त्या वर्षी मूठभर खाणावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते, लहान माणसाला कर्ज द्यावे असे धोरण ठरले होते. पण लहान माणसाजवळ तारण नव्हते. मंडळाने बायकांचे गट केले आणि एकीने दुसरीची हमी घ्यायची अशी रीत घातली. सावकाराच्या दराने फिरणारा पैसा बँकेच्या दराने मिळू लागला. मघाच्या हिशेबात व्याजाचे पावणेपंधरा रुपये होते ते एकदम आठवावेत. बाईच्या मिळकतीतला सर्वांत मोठा चोर इथे पकडला गेला.

आणि त्या बायकांनी कर्जे फेडली. यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते, तरी पुष्कळांना वाटले. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना उधार दिले, तिला उधारी फेडण्याचे मोल कुणी शिकवायचे होते? माणूस कशावरून पारखावा हे तिला बँकेच्या अधिकाऱ्याहून चांगले कळत होते. मंडळाने ती पारखच तारण म्हणून वापरली. पुढे २००२ साली प्रेमा पुरव यांना पद्मश्री मिळाली. त्या पदकावर लालबागच्या चुलींची थोडी काजळी असणारच.

पण बँकेचे कर्ज एका धोक्यापुढे हतबल होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. खाणावळवाल्यांनी मागल्या संपांप्रमाणे चूल चालू ठेवली. दोन महिने गेले, चार गेले, वर्ष गेले. मागे सहा महिन्यांनी का होईना, भोंगा पुन्हा वाजला होता आणि तुंबलेली बाकी हळूहळू वळती झाली होती. या वेळी संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. लाखावर माणसांची नोकरी गेली. पुष्कळ गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. मेंबर गावी निघून गेले, जाताना 'पाठवतो' म्हणून गेले. काहींनी पाठवलेही. पण ज्याची नोकरीच कायमची गेली त्याने पाठवायचे कुठून? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आहेत. त्या वाचताना ध्यानात येते की हा संप गिरणीच्या आत हरला त्याहून अधिक गिरणीबाहेरच्या घराघरांत हरला.

खाणावळवालीचे चुकले का? धंद्याच्या काटेकोर भाषेत सांगायचे तर, एकाच खुंटीला सारा बोजा टांगला होता. सगळे मेंबर एका उद्योगातले, एका पगाराच्या तारखेवर जगणारे. एक मेंबर बुडाला तर एकोणीस सावरून घेत. वीसच्या वीस एकाच दिवशी बुडाले तर कोण सावरणार? पण हे आज म्हणणे सोपे आहे. तिच्या दारासमोर गिरणी होती, तिच्या मुलखाची माणसे गिरणीत होती; दुसरे गिऱ्हाईक तिने आणायचे कुठून? ज्या आपलेपणामुळे तिला उधारी देता आली, त्याच आपलेपणाने तिला एका गिऱ्हाइकाशी जखडून ठेवले. तिचे बळ आणि तिची दुर्बलता या दोन वस्तू नव्हत्याच. अन्नपूर्णेच्या ज्या बायका तगल्या त्यांनी पुढे मेंबरांच्या पंगतीबाहेर पाहिले. कचेऱ्यांना जेवण पुरवणे, समारंभांचे स्वयंपाक, उपाहारगृहे अशा निरनिराळ्या वाटा त्यांनी धरल्या. हा धडा त्यांनी घेतला, पण तो घेण्याआधी एक सबंध गिरणगाव खर्ची पडले होते.

गिरण्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. खाणावळी मात्र संपल्या नाहीत. त्यांनी गाव बदलला. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी खेड्यापाड्यांतून आलेली मुले जिथे जेवतात, तिला आता मेस म्हणतात. भिंतीवर नियम लावलेले असतात, आणि त्यांत खाड्याचा नियम हमखास असतो. किती दिवस सलग नसाल तर पैसे वळते होतील आणि कधी कळवायचे, हे सारे त्यात येते. तो नियम पहिल्यांदा कुठल्या चुलीपाशी सुचला हे तिथे जेवणाऱ्या मुलाला ठाऊक नसते, वाढणाऱ्या बाईलाही नसते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ही मुले चारआठ दिवसांत आपापल्या गावी परतली. पेठांतल्या मेस ओस पडल्या, आणि बऱ्याच वह्यांत बाकी तशीच राहिली. सगळे मेंबर पुन्हा एकाच खुंटीवर होते.

मराठी माणसाला धंदा जमतो की नाही, हा वाद पुढेही चालेल. तो करणाऱ्यांनी एवढे करावे, की मेसचे महिन्याचे पैसे तारखेला द्यावेत, आणि उद्या यायचे नसेल तर आजच सांगावे.